लाल पट्टीची गाठ

दर सव्वीस जानेवारीला आमच्या गावच्या शाळेत मी एक गोष्ट सांगतो. जऊळक्याच्या आसपासच्या चार गावांत ती लोकांना पाठ झाली आहे. आज सांगणार आहे ती गोष्ट ती नव्हे. ही अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही — बायकोपुढे नाही, देवापुढे नाही. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा महिनाभर मी तिच्या उशाशी बसून होतो. तिला ऐकूही येत नव्हतं. तेव्हाही नाही.

मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गप्प बसण्याचीही लाज वाटावी असं यंदा काही झालं, म्हणून असेल. ते पुढे येईलच.

मी प्रल्हाद. वय एक्कावन्न. फौजेतून पेन्शनीवर आलो आणि आता वाशीमच्या एका बँकेत दारावर बंदूक घेऊन बसतो. डाव्या पायाला दोन बोटं नाहीत, त्यामुळे चालताना एका बाजूला झुकतो. त्या झुकण्याला आमच्याकडे मान आहे. एसटीत लोक उठून जागा देतात. मी बसतो.

हो, मी बसतो.

आधी रफीकभाईंबद्दल सांगायला हवं. खरं म्हणजे त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे, माझ्याबद्दल नाही — पण माझ्याशिवाय ते सांगताही येत नाही, हीच तर अडचण आहे.

रफीकभाई आमच्या तुकडीबरोबरचे नर्सिंग असिस्टंट. म्हणजे डॉक्टर नव्हेत. पण गोळे पडत असताना जखमीपर्यंत पोचणारा पहिला माणूस तोच. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. मूळचे मंगरुळपीरचे. वडील पिंजारी, गाद्या-रजया भरणारे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाई म्हणायचो, अहो-जाहो करायचो. ते मला पल्हाद म्हणत. प्रल्हाद त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

आपल्या बोलीपासून तुम्ही कधी फार लांब राहिला आहात? महिनेच्या महिने? मी जऊळक्याहून तेव्हाच्या अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीत बसलो तो थेट त्या बर्फाच्या डोंगरांत गेलो. हुकूम हिंदीत, शिव्या हिंदीत, जेवणाची हाकही हिंदीत. मराठी बोलणारे दोघं-चौघं होते, पण ते पुण्या-नाशिककडचे. आमचं 'मले-तुले' ऐकून हसायचे. आणि त्या उन्हाळ्यात लढाई लागल्यावर आम्हाला वरच्या ठाण्यावर धाडलं, तर तिथे दगडांच्या आडोशाला बसलेला एक माणूस मला पाहून म्हणाला, "काहून बे, वाशीमचा होय ना तू? चालीवरूनच वळखलं."

चालीवरून कसं ओळखणार कुणी? यादीत नाव वाचलं होतं त्यांनी. पण मला त्या दिवशी ते खरं वाटलं. आज एवढ्या वर्षांनी, त्या सगळ्या डोंगरातलं काय हवं आहे असं कुणी विचारलं, तर मी तेवढं एक वाक्य मागेन.

दिवसचे दिवस नुसतं बसून राहावं लागे. आम्ही दोघं बोलायचो. मंगरुळची उन्हाळ्यातली दुपार, जवसाची चटणी, आसेगावच्या वाटेवरची बाभळीची झाडं — काहीही. त्यांचे वडील पोहरादेवीच्या यात्रेत उशा विकायला बसायचे. माझी आई लहानपणी मला त्याच यात्रेला न्यायची. रफीकभाईंनी ठरवूनच टाकलं होतं की आमची पहिली भेट तिथेच झाली. "तुह्या मायनं माह्या बापाशी उशीच्या भावावरून भांडण केलं अशीन. बाप सांगे, जऊळक्याकडच्या बाया लय घासाघीस करतेत." मी म्हणायचो, आमच्या घरी कधी उशी आलीच नाही भाई, आम्ही हात उशाला घेऊन झोपणारी माणसं. त्यावर ते माझ्याकडे नीट बघून म्हणत, "म्हनूनच तुही मान अशी वाकळी हाय."

त्यांच्याजवळ एक पातळ रजई होती. लाल कापडाची, वडिलांनी स्वतः टाके भरलेली. तिला प्रत्येक वितीवर एक गाठ. ती गाठ त्यांनी मला शिकवली. बोटं गारठून मरू नयेत म्हणून काहीतरी करत राहायचं, तर हे. दोन फेरे, आणि एक टोक आत. वरून कितीही ओढा, आणखी घट्ट होते. पण आतलं टोक चिमटीत सापडलं आणि हलकेच ओढलं, की एका दमात मोकळी. रजई उसवायची वेळ आली तर दोरा कापून वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अशी गाठ मारत. मला जमायला आठ दिवस लागले. आमच्या ठाण्यावर ती गाठ आणखी कुणालाच येत नव्हती.

एवढं लक्षात ठेवा.

जखमी माणसाच्या बटणाला कार्ड बांधायची रीत असते — नाव, जखम, कोणतं औषध किती वाजता दिलं, कुणाला आधी न्यायचं. पण बर्फात कार्ड भिजायचं. शिवाय वर हेलिकॉप्टर यायचं ते मिनिटभरासाठी. पाती फिरतच असत, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, आणि आवाज झाला की समोरच्या शिखरावरून गोळे सुरू. कार्ड वाचायला वेळ कुणाला? म्हणून रफीकभाईंनी स्वतःची एक पद्धत काढली. रजईच्या कडेची लाल पट्टी फाडायची आणि ज्याला आधी न्यायचं त्याच्या उजव्या मनगटाला बांधायची. त्यांच्या गाठीने, म्हणजे धडपडीत सुटायची नाही. हेलिकॉप्टरवाल्यांना ते ठाऊक झालं. उतरले की ते लाल मनगट शोधत. विरळ हवेत त्या लहानशा हेलिकॉप्टरला दोनच जखमी उचलता येत. दोन लाल मनगटं, बस.

रजई रोज थोडी लहान होत होती. ते म्हणायचे, "बाप इचारीन, रजई उंदरानं खाल्ली काय रे? त्याले काय सांगू?"

मी अजून मुद्द्यावर येत नाही, हे मला कळतं आहे.

त्या दिवशी सकाळी आम्ही तिघं जखमी होतो. एक नाईक, पोटात गोळ्याचा तुकडा गेलेला, शुद्धीवर नव्हता. दुसरा हरीश — डोंगराळ मुलखातला, बावीस-तेवीस वर्षांचा शिपाई, बाशिंग बांधायचं बाकी असलेला. त्याच्या मांडीतून रक्त थांबत नव्हतं. रफीकभाईंनी वर पट्टा आवळला होता. तिसरा मी. पोटरीत एक लहान तुकडा आणि बर्फाने काळी पडत चाललेली बोटं. मी उभा राहू शकत होतो. लंगडत चालूही शकत होतो.

नाईकाला आणि हरीशला लाल पट्ट्या बांधल्या गेल्या. मला नाही. ते बरोबरच होतं. रफीकभाई माझ्याजवळ आले, बूट चाचपला आणि म्हणाले, "तुले उद्या. नाहीतं हमालाइच्या संगं खाली चालत. बोटं जातीन दोन-तीन, तू नाही जात."

तेवढ्यात खालच्या उतारावरून हाक आली. एक जण उघड्यावर पडला होता. मदतीला असलेल्या दोघांना घेऊन रफीकभाई खाली निघाले. जाताना मला सांगून गेले: हेलिकॉप्टर येईल, तू कापड हलव, ह्या दोघांना चढवून दे. "हरीशचा पट्टा जास्त येळ ठेवता येत नाही, पल्हाद. त्याले आजच गेलं पायजे."

हे मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं कधी कुणाला म्हणता येणार नाही.

हेलिकॉप्टर उतरायची जागा म्हणजे आमच्या शेतातल्या खळ्याएवढा सपाट तुकडा. आम्ही तिघं त्याच्या कडेला, दगडांना टेकून. रफीकभाई खाली दिसेनासे झाले. मग गोळे सुरू झाले — एक वर, एक खाली, एक इतका जवळ की तोंडात माती आली. ते म्हणाले होते उद्या. उद्या म्हणजे किती लांब असतं, ते मला त्या घटकेला कळलं. माझ्या डोळ्यांपुढे आई आली का? नवी नवरी आली का? शाळेत मी तसं सांगतो. खरं सांगू? कुणीच आलं नाही. नुसती माझी कातडी होती. आणि दुरून येणारा तो पात्यांचा आवाज.

मी हरीशजवळ सरकलो.

त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. मी त्याच्या मनगटाला हात लावला. त्याला वाटलं असावं मी पट्टी नीट आहे ना ते बघतो आहे — रफीकभाई दर थोड्या वेळाने बघत तसं. त्याने हात माझ्याकडे पुढे केला. मला सोपं जावं म्हणून.

आतलं टोक मला लगेच सापडलं. हलकेच ओढलं. एका दमात मोकळी.

ती पट्टी मी माझ्या मनगटाला बांधली. एका हाताने आणि दातांनी त्यांची गाठ मारता येईना, म्हणून बैलाचं दावं बांधतो तशी साधी गाठ मारली. हेलिकॉप्टर उतरलं. त्यातला माणूस खाली उडी मारून आला, त्याने दोन लाल मनगटं पाहिली, नाईकाला आम्ही मिळून आत घातलं. मग त्याने हरीशकडे बोट केलं आणि माझ्याकडे पाहिलं. विचारत होता. मी मान हलवली.

नाही, म्हणून.

वर गेल्यावर मी खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थोडं तरी बरं वाटलं असतं का आज? नाही वाटणार. पण पाहिलं नाही, हेही लिहून ठेवतो.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. खालच्या दवाखान्यात आठवड्याभराने आमच्या तुकडीतला नाशिककडचा एक सोबती भेटायला आला, त्याने सांगितलं.

रफीकभाई चौथ्या जखमीला पाठीवर घेऊन वर आले तेव्हा हरीश तिथेच पडलेला. मनगट मोकळं. रफीकभाई कितीतरी वेळ त्याचं मनगट हातात धरून बसले, सोबती म्हणाला. दुपारनंतर ढग उतरले, त्या दिवशी पुन्हा हेलिकॉप्टर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आलं, पण जागा दाखवायला धुराचे डबे संपलेले. वैमानिक दोन घिरट्या घालून परत फिरायच्या बेतात होता. तेव्हा रफीकभाई त्या खळ्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. उरलेली लाल रजई दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून. समोरच्या शिखरावरूनही ती तेवढीच लाल दिसत असणार, नाही का? गोळे पडत होते. एकाचा तुकडा त्यांच्या उजव्या खांद्यात शिरला. रजई खाली आली नाही. हेलिकॉप्टर टेकलं, त्यांनी एका हाताने हरीशला आणि त्या चौथ्याला आत ढकललं, आणि स्वतः चढले नाहीत. जागा दोघांचीच होती.

हरीश वाचला. पाय मांडीपासून कापावा लागला. पट्टा फार वेळ राहिला होता.

त्या वैमानिकाने रफीकभाईंचं नाव शौर्यपदकासाठी कळवलं. हे सांगताना सोबत्याचा चेहरा उजळला होता. मलाही आनंद झाला — तुम्हाला खोटं वाटेल, पण झाला.

मग एक अधिकारी माझ्या खाटेशी आला. हातात कागद. आवाज मऊ होता त्याचा. पदकाचं नाव वर जाण्याआधी त्या दोन दिवसांची विचारपूस करत होता. त्याने विचारलं, हरीश इतका गंभीर असताना तुला पहिल्या फेरीत कुणी पाठवलं? तुझ्या मनगटाला लाल पट्टी कुणी बांधली?

माझ्या मनगटावर तोवर काही नव्हतं. नर्सने ती पट्टी कात्रीने कापून टाकली होती.

मी म्हणालो, डॉक्टरांनी. रफीकभाईंनी.

तो म्हणाला, तुम्ही दोघं एकाच भागातले का?

मी म्हणालो, हो साहेब. एकाच जिल्ह्यातले.

त्याने ते लिहून घेतलं. माझी सही घेतली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

त्या सहीचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. ज्या माणसाने एकही जखमी आपला-परका म्हणून पाहिला नाही, त्याच्या नावापुढे मी लिहून दिलं की त्याने आपल्या गाववाल्याला आधी पाठवलं आणि मरणाऱ्याला मागे ठेवलं. वैद्यकीय काम करणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. ती मी दिली. दुसऱ्या कुणी नाही.

रफीकभाईंनाही विचारलं गेलं. सोबत्याने पुन्हा भेटायला येऊन ते शब्द मला जसेच्या तसे सांगितले. माझा जबाब त्यांना वाचून दाखवला, तेव्हा ते आपल्या खांद्याच्या बँडेजकडे बघत म्हणाले, "साहब, लाल पट्टी तो मैं ही बाँधता हूँ."

बस. पदकाचा विषय तिथे संपला.

का म्हणाले ते तसं? लढाईच्या जागेवरून असं पळणाऱ्याला काय शिक्षा होते, हे त्यांना माहीत होतं म्हणून? माझ्यावर दया आली म्हणून? की माझं नाव तोंडातून काढायचीही किळस आली? इतकी वर्षं मी तिन्ही उत्तरं आलटून पालटून स्वतःला देत आलो. कोणतंच टिकत नाही.

बोटं कापल्यावर मला मागे सामानाच्या कोठारावर काम दिलं. आमची पुन्हा भेट झाली नाही. मी होऊ दिली नाही.

आता शाळेतल्या गोष्टीकडे येतो.

पेन्शनीवर आलो त्या वर्षी हेडमास्तर घरी आले. म्हणाले, मुलांना दोन शब्द सांगा. मी डॉक्टरांची गोष्ट सांगितली. रजईची, लाल पट्टीची, डोक्यावर ताणलेल्या लाल कापडाची. जवळजवळ सगळं खरं, एक जागा सोडून. त्या जागेवर मी रफीकभाईंच्या तोंडी शब्द घातले: "पल्हाद, तू आदी जाय. घरी तुही माय वाट पाहून राह्यली." त्यांच्याच आवाजात म्हटले. लोक रडले. मीही रडलो, आणि ते रडू खरं होतं. कारण त्यांचा आवाज माझ्या तोंडून ऐकून मला त्यांची फार आठवण आली.

कार्यक्रम झाल्यावर हेडमास्तर म्हणाले, कुठे असतात हे डॉक्टर? पुढच्या वर्षी त्यांनाच बोलवू.

मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. गावही सांगितलं नव्हतं. हेडमास्तरांचा एकच प्रश्न होता आणि माझ्याकडे एका श्वासाचा वेळ. मी म्हणालो, ते वाचले नाहीत सर.

हेडमास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली. दुसऱ्या वर्षीपासून गोष्ट झाली की डॉक्टरांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायची प्रथा पडली. सगळी शाळा, गावकरी, दूधवाला सायकल धरून, सगळे. आणि तिथून दोन तासांवर मंगरुळात तो माणूस दुकानात बसून सुईत दोरा ओवत असायचा.

एकदाच, एकाच माणसाने नेमका प्रश्न विचारला. पेन्शनीत निघालेले एक गुरुजी, कानाने अधू. सगळे चहाकडे वळले तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पल्हाद, तुले आदी धाडलं, ठीक. मंग ज्याची पाळी होती त्याचं काय झालं?"

मी म्हणालो, वाचला गुरुजी तो.

ते म्हणाले, "हं." आणि काठी टेकत गेले. त्यानंतर माझ्या गोष्टीला ते बसत नसत.

मंगरुळला मी गेलो नाही असं नाही. तीनदा गेलो. तीनदा स्टँडवरून त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. समोर एक हॉटेल आहे. तिथे चहा घेऊन बसलो की दुकान दिसतं — दारात कापसाचे ढीग, आत कापूस पिंजायचं यंत्र. वडील गेले असावेत, गादीवर आता तेच बसतात. दाढी पांढरी झाली आहे. कुणी हात कापून घेऊन आला की दुकानातच धुऊन पट्टी बांधून देतात, हॉटेलवाला सांगत होता. लोक अजून डॉक्टरच म्हणतात. मी पाहत होतो. उजवा खांदा वर उचलत नाही त्यांचा. वरच्या फळीवरचं कापड काढायचं तर डाव्या हाताने काढतात.

उठून रस्ता ओलांडायला किती पावलं? वीस. झुकत चालणाऱ्याला पंचवीस. एकदा ते कुणाशी तरी मोठ्याने हसले, आणि ते हसणं रस्त्यावरून माझ्यापर्यंत आलं. तसंच, जुनं. मी चहाचा कप खाली ठेवला. वाटलं, नुसतं जाऊन समोर उभं राहावं. त्यांनी काहीही म्हणावं, शिवी द्यावी, पण आमच्या बोलीत द्यावी. पुन्हा एकदा कुणीतरी मला पल्हाद म्हणावं.

एसटी आली. मी चढलो. एका पोराने उठून जागा दिली.

आणि यंदाची गोष्ट.

मुलीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे होतं. थंडी पडू लागली तेव्हा सुशीला, माझी बायको, तिच्या बहिणीकडे मंगरुळला गेली आणि येताना बाळासाठी छोटी रजई सांगून आली. तिथे एकच चांगला रजईवाला आहे म्हणे. पंधरा दिवसांनी जाऊन घेऊनही आली. मी बँकेतून आलो तर ती रजई खाटेवर पसरून नातीला त्यावर ठेवत होती. लाल कापड. वितीवितीवर गाठ.

मी दारातच थांबलो.

सुशीला रंगात येऊन सांगत होती. रजई सांगायला गेली तेव्हा त्या माणसाने वहीत लिहायला नाव विचारलं. तिने माझं सांगितलं, गाव सांगितलं. त्याची पेन्सिल थांबली. फौजेतले का, म्हणाला. ती म्हणाली, हो. मग त्याने विचारलं, पायाचं कसं आहे त्यांच्या? तिला नवल वाटलं, ह्याला पायाचं कसं माहीत? पण गिऱ्हाइकांची गर्दी होती, विचारायचं राहिलं. आणि आज रजई देताना त्याने घडी घालून तिच्या हातात ठेवली आणि काय म्हणाला, ते तिने त्याच्यासारखा आवाज काढून सांगितलं:

"वयनी, एखांदी गाठ सुटली तं इकळे आनू नोका. पल्हादले येते ते. मीच शिकोली त्याले."

"कोन हाय हो तो?" सुशीलेने मला विचारलं. "तुमाले पल्हाद म्हनते, जसं काई घरचाच मानूस."

मी खाटेच्या कडेला बसलो. नातीच्या पायाजवळची एक गाठ चिमटीत धरली. आतलं टोक लगेच सापडलं. इतक्या वर्षांनीही बोटं विसरली नव्हती.

तर त्यांना ठाऊक होतं. पहिल्या क्षणापासून. हरीशचं मनगट हातात धरून ते जे बघत बसले होते ते हेच. फाटल्या-कापल्या पट्टीचा एक धागाही तिथे पडलेला नव्हता, मनगटावर ओरखडासुद्धा नव्हता. ती गाठ उघडणारा एकच माणूस त्या डोंगरावर होता, आणि त्याला ती त्यांनीच शिकवली होती. तरी त्यांनी साहेबाला ते वाक्य सांगितलं. तरी इतक्या वर्षांनी त्यांनी आधी माझ्या पायाचं विचारलं.

सुशीलेला मी म्हणालो, फौजेत ओळख होती. एवढंच.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर तरी हा माणूस बोलला असेल. दीड महिन्याने सव्वीस जानेवारी आली. मी शाळेत गेलो. गोष्ट सांगितली. "तू आदी जाय" हेही म्हटलं. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले, आणि त्यांच्यात मीही उभा राहिलो — ज्याने माझ्या नातीची रजई शिवली, त्याच्या मरणासाठी मान खाली घालून. सुशीला बायकांच्या रांगेत होती. नात तिच्या खांद्यावर, लाल रजईत गुंडाळलेली.

म्हणजे ऐन वेळी घाबरलो, तरुण होतो, मरण समोर होतं, असं यातलं काहीच मला म्हणता येणार नाही. यंदाच्या जानेवारीत कुठे गोळे पडत होते?

त्या अधिकाऱ्याने खाटेशी बसून विचारलं होतं, तेव्हा द्यायला हवा होता तो जबाब मी आता लिहितो. एक प्रत शाळेच्या फळ्यावर लावायला देणार आहे. एक त्या जुन्या पलटणीच्या पत्त्यावर. एक सुशीलेच्या हातात, ती वाचेपर्यंत मी समोर बसेन. एक मी स्वतः मंगरुळला नेईन. ती वीस पावलं चालेन, दुकानाच्या पायरीवर कागद ठेवीन. ते वर बघोत, न बघोत.

जबाब असा:

डॉक्टर रफीकभाईंनी लाल पट्टी हरीशच्या मनगटाला बांधली होती. मला बांधली नव्हती. मला त्यांनी उद्या जायला सांगितलं होतं आणि हरीशला आजच गेलं पाहिजे हेही सांगितलं होतं. ते चौथा जखमी आणायला खाली गेले असताना हरीशची पट्टी मी सोडली. त्याने हात पुढे केला होता. पट्टी माझ्या मनगटाला मी बांधली. हेलिकॉप्टरमधल्या माणसाने हरीशबद्दल विचारलं तेव्हा मी नाही म्हणून मान हलवली. याआधीचा माझा सही केलेला जबाब खोटा आहे. डॉक्टर रफीकभाई जिवंत आहेत.